विवेकानंद शिला, कन्याकुमारी : तासाभरात उरकायची जागा नव्हे

कन्याकुमारीला निघालेल्या बेळगावकरांसाठी हे लिहितोय. आपल्याकडून दक्षिणेची सहल काढणाऱ्यांच्या पत्रकात ‘विवेकानंद रॉक’ ही एक ओळ असते. मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, त्रिवेंद्रम अशा धावपळीत त्या ओळीच्या वाट्याला तास-दीड तास येतो आणि त्यातला निम्मा बोटीच्या रांगेत जातो. माझी बहीण अशाच एका सहलीबरोबर जाऊन आली होती. श्रीपाद मंडप कुठल्या बाजूला, ध्यानमंडप कुठं, तिला काही सांगता येईना. तिथं आत बसायचं असतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे पुरते घेतले आणि दाखवलं अर्धंच, याचा मला राग आला. म्हणून या वेळी आईला आणि बहिणीला घेऊन आम्ही आमचे आम्हीच गेलो.

मी बांधकामाचा ठेकेदार आहे, अनगोळला राहतो. वडील गवंडी होते. त्यामुळे कुठल्याही देवळात माझा हात देवाला जोडायच्या आधी भिंतीवरून फिरतो. शिलेबद्दल माझं मत असं की आपल्या देशात गेल्या शंभर वर्षांत दगडात जे काही बांधलं गेलं, त्यात हे काम फार वरच्या रांगेतलं आहे. आणि बेळगावच्या माणसाचा त्या खडकावर इतरांपेक्षा थोडा जास्त हक्क आहे. ते कसं, ते पुढं सांगतो.

आधी बोटीचं. खडक किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे, डोळ्यांना तर हात लांबवला की लागेल इतका जवळ वाटतो. बोटी सकाळी आठच्या सुमाराला सुटायला लागतात आणि दुपारी चारच्या सुमाराला नवी माणसं घेणं थांबतं. सूर्योदय बघून लोक चहा-नाष्ट्याला जातात, त्याच वेळी तुम्ही रांगेत उभे राहा. दहानंतर, त्यातून डिसेंबर-जानेवारीत, रांग पार रस्त्यापर्यंत येते. साधी रांग आणि जादा पैशांची रांग अशा दोन आहेत. सकाळी लवकर गेलात तर साधी पुरते. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, म्हणून आम्ही जादा पैशांचं तिकीट काढलं आणि ते वसूल झालं. बोटीचं तिकीट किनाऱ्यावर मिळतं, शिलेवर प्रवेशाचं वेगळं काढायचं, ते तिथं पोचल्यावर. सुटे पैसे जवळ ठेवा.

बोटीत चढताना प्रत्येकाला नारिंगी जाकीट देतात. बहुतेक वेळा ते आधीच्या माणसाच्या घामानं ओलं असतं, पण घालाच, आणि बंद नीट बांधा. पाणी तिथं शांत नाही. तीन बाजूंचा समुद्र एका ठिकाणी येतो, लाट कुठून येईल याचा नेम नसतो आणि एवढ्याशा अंतरातही बोट चांगली डोलते. धक्क्याला लागताना बोट वरखाली होते, तेव्हा पाय टाकायचा क्षण अवघड असतो. पण बोटीवरची मुलं म्हाताऱ्या माणसांना दोन्ही दंडांना धरून उतरवून घेतात. आईला एकानं ‘पाट्टी, वांग’ म्हणत असं अलगद उचलून पलीकडं ठेवलं की तिला घाबरायला वेळच मिळाला नाही. पाट्टी म्हणजे आजी, वांग म्हणजे या. या मुलांच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. दिवसभर हजारो अनोळखी माणसं, त्यांची पोरं, त्यांच्या पिशव्या, आणि आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही.

खडकावर उतरलात की दोन मंडप दिसतात. एक श्रीपाद मंडप, दुसरा मोठा विवेकानंद मंडप. बहुतेक लोक मोठ्याकडं धावतात आणि तिथं फोटो काढून परततात. तुम्ही आधी श्रीपाद मंडपात जा, कारण या जागेची गोष्ट तिथून सुरू होते. खडकावर पावलासारखा दिसणारा, किंचित तपकिरी रंगाचा एक उंचवटा आहे. देवी कुमारीनं शंकरासाठी एका पायावर उभं राहून इथं तप केलं आणि हे तिचं पाऊल, अशी श्रद्धा. विवेकानंदांच्या नावाच्या किती तरी आधीपासून हा खडक ‘श्रीपाद पारै’ म्हणून पुजला जात होता.

ही कथा आईनं आम्हाला रांगेतच सांगितली होती, तिच्या पद्धतीनं. बाणासुराला वर असा होता की त्याला मारेल ती कुमारिकाच. देवीचं लग्न शुचींद्रमच्या शंकराशी ठरलं. मुहूर्त पहाटेआधीचा. लग्न झालं तर बाणासुर मरायचा नाही, म्हणून नारद कोंबडा होऊन अवेळी आरवला. शंकराला वाटलं मुहूर्त टळला, तो अर्ध्या वाटेतून परत शुचींद्रमला गेला. इकडं मांडवात तांदूळ, डाळी सगळं शिजवायचं तसंच राहिलं आणि त्याची वाळू झाली. देवी कायमची कुमारी राहिली आणि पुढं बाणासुर तिच्या हातून मेला. ‘कामासाठी लग्न सोडलं बघ तिनं,’ आई म्हणाली. बहिणीला हे फार लागलं असावं. तिनं लग्न केलेलं नाही, आमच्या वडिलांच्या आजारपणात सगळं तिनं ओढलं. ती काही बोलली नाही, पण श्रीपाद मंडपात सर्वांत जास्त वेळ तीच उभी होती.

ती तांदळासारखी वाळू किनाऱ्यावर खरंच आहे. पांढरी, तांबूस, काळी. पुड्या करून विकतात. काळी म्हणजे इल्मेनाइट, तांबडी म्हणजे गार्नेट, आणि मोनॅझाइटही त्यात असतं, त्याच्यातून थोरियम मिळतं. जवळच मनवालकुरिचीला केंद्र सरकारच्या कंपनीचा ही खनिजं वेगळी करायचा कारखाना आहे. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘असंल की. लग्नाचं सामान सरकारला सुद्धा लागतंय.’ पुडी तिनं घेतलीच.

आता मोठा मंडप. इथं मला जरा रेंगाळू द्या, कारण माझं पोट या कामावर चालतं.

हा सगळा दगड, लाल आणि निळसर करडा ग्रॅनाइट, समुद्रातून न्यावा लागला. खडकावर ना खाण, ना गोडं पाणी, ना सामान ठेवायला सपाट जागा. आमच्याकडं तिसऱ्या मजल्यावर फरशी चढवायची म्हटली तरी कामगार कुरकुर करतात. इथं घडवलेला प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई बोटीवर चढवायची, डोलत्या पाण्यातून न्यायची आणि खडकावर उतरवायची. वारं उठलं की काम बंद. पायाभरणी ६ नोव्हेंबर १९६४ ला झाली आणि २ सप्टेंबर १९७० ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्‌घाटन. सहा वर्षांपेक्षाही कमी. आजच्या यंत्रांनी सुद्धा हा वेळ मी कबूल करायला कचरलो असतो.

दगड का, काँक्रीट का नाही, हे समुद्राकाठी काम केलेल्याला विचारा. मी कारवारला काही घरं बांधली आहेत. खारं वारं काँक्रीटमध्ये झिरपतं, आतल्या सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट आतून फोडून टाकते. किनाऱ्यावरच्या इमारतींचे खांब वीस-पंचवीस वर्षांत उकलतात ते यामुळं. ग्रॅनाइटमध्ये गंजायला काही नसतं. पन्नासहून जास्त वर्षं तीन दिशांचं खारं वारं खाऊन या मंडपाचे कोन आजही धारदार आहेत. मी पुष्कळ सांधे तपासले, नख जाईल अशी फट मला सापडली नाही. स्थपती होते एस. के. आचारी. प्रवेशाच्या बाजूला अजिंठा-वेरूळची आठवण येते, वरचा घुमट कोलकात्याजवळच्या बेलूर मठाच्या वळणाचा. असं दोन ठिकाणचं एकत्र आणलं की बहुतेक वेळा बिघडतं. इथं ते एकजीव झालंय, कारण मोजमाप संयमानं ठेवलंय. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं, छत बघून वाढलेल्या माणसाला दगडाचं काम सहसा पटत नाही. बाराशे चार सालचं ते कमळ डोक्यावर असलं की बाकी सगळं कच्चं वाटतं. पण इथं मी मान खाली घातली.

आत विवेकानंदांचा उभा ब्राँझचा पुतळा आहे. मुंबईचे शिल्पकार सोनवडेकर यांनी केलेला. पुतळ्याची नजर नेमकी समोरच्या श्रीपादावर पडेल अशी दोन्ही मंडपांची आखणी आहे. म्हणूनच म्हणतो, आधी तिकडं जाऊन या. मग पुतळ्यापाशी उभं राहून मागं वळून बघा, ती सरळ रेघ तुम्हाला दिसेल. माझ्या बहिणीला मागच्या वेळी ही रेघ दिसलीच नव्हती.

हे सगळं उभं करणारा माणूस आपल्यातला. एकनाथ रानडे, जन्म १९१४, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा. १९६३ साली विवेकानंदांच्या जन्मशताब्दीच्या वेळी खडकावर एक शिलालेख बसवला गेला. तेवढ्यावर न थांबता पुरतं स्मारक करायचं तर दिल्लीची परवानगी हवी होती आणि ती मिळत नव्हती. रानडे दिल्लीत जाऊन बसले आणि तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या गोळा केल्या. सगळ्या पक्षांच्या. पैशाचं म्हणाल तर त्या काळी सुमारे सव्वा कोटीच्या वर खर्च गेला आणि त्यासाठी देशभर लोकांकडून एकेक रुपया मागितला. लाखो लोकांनी दिला. शाळेतल्या मुलांनी सुद्धा. बांधकामाच्या धंद्यात मी बघितलंय, एकट्या मोठ्या देणगीदाराचा पैसा असला की त्याचं नाव दगडापेक्षा मोठं कोरावं लागतं. इथं तसं कुठं खुपत नाही.

आता हक्काची गोष्ट.

१८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. तेव्हा ते फिरते संन्यासी होते, शिकागो अजून एक वर्ष लांब होतं, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले. भाट्यांचा मुलगा त्या वेळी पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. जी सूत्रं तो धडपडत पाठ करत होता ती या साधूला त्याच्याहून चांगली मुखोद्गत होती, हे त्यानं मोठेपणी लिहून ठेवलंय. पुढं वन खात्यातले बंगाली अधिकारी हरिपद मित्र त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. त्याचीही गंमत आहे. हरिपद मित्रांनी त्यांना सकाळी फराळाला बोलावलं होतं, ते वेळेवर आले नाहीत म्हणून मित्र स्वतः भाट्यांकडं गेले तर तिथं वकील, पंडित, गावातली मोठी माणसं त्यांना घेरून बसलेली आणि प्रश्नांवर प्रश्न चाललेले. हातात काठी घेतलेला परिव्राजक विवेकानंदांचा प्रसिद्ध फोटो आहे ना, तोही याच मुक्कामातला. एस. महादेव अँड सन या बेळगावच्या छायाचित्रकारानं काढलेला. अमेरिकेला धर्मपरिषदेला जायचं मनात आहे, हे त्यांनी हरिपद मित्रांना सांगितलं. मित्र गावात वर्गणी काढायला निघाले तर त्यांनी नको म्हटलं.

इथून ते गोव्याला गेले, मग म्हैसूर, कोचीन, त्रिवेंद्रम करत डिसेंबरअखेर कन्याकुमारी. २५, २६, २७ डिसेंबर १८९२ हे तीन दिवस ते या खडकावर बसले असं मानतात. नावाड्याला द्यायला पैसे नव्हते म्हणून पोहत गेले असंही सांगतात. ती लाट बघितल्यावर या कथेचं वजन कळतं. पुढं १८९४ मध्ये अमेरिकेतून गुरुबंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतः सांगितलंय की भारताच्या शेवटच्या खडकावर बसून आपल्याला कामाची योजना सुचली. गावोगाव हिंडणाऱ्या संन्याशांनी गरिबांना शिकवायचं, ही ती योजना.

म्हणजे आपल्या गावातून निघाल्यावर दोन महिन्यांच्या आत तो माणूस तिथं पोचला होता. रिसालदार गल्लीवरून आपण रोज बाजाराला जातो. हरिपद मित्रांचं घर किल्ल्यात आहे, तिथं आता रामकृष्ण मिशनचा आश्रम चालतो. बेळगावात जन्मून, किल्ल्यातल्या शाळांच्या दुरुस्तीची कामं करून सुद्धा मी त्या आश्रमात कितीतरी उशिरा गेलो, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जण अजून गेलेले नाहीत. ही खडकाची सहल आहे ना, तिची पहिली पायरी किल्ल्यात आहे.

ध्यानमंडप मोठ्या मंडपाच्या खालच्या बाजूला. बाहेर ऊन, वारं, पोरांचा आरडाओरडा. आत अंधार, थंड फरशी आणि समोर हिरवट उजेडातला ओंकार. बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. कुणी कुजबुजलं तर तिथला सेवक फक्त हात वर करतो. बहुतेक लोक आत डोकावतात, दोन मिनिटं बसतात, निघतात. दर वेळी दार उघडलं की उजेडाची पट्टी आत येते, तिचा पहिल्यांदा त्रास होतो, नंतर लक्ष जात नाही. आम्ही बराच वेळ बसलो. मी ध्यान वगैरे करणारा माणूस नाही. पण तिथं बसल्यावर एक विचार आला, तो लिहितो. एक माणूस, अंगावर दोन कपडे, खिशात पैसा नाही, देशाच्या टोकाला येऊन बसला आणि स्वतःच्या मोक्षाचा सोडून दुसऱ्यांच्या भाकरीचा विचार करत राहिला. मी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, त्याचे पैसे घेतले, त्यात गैर काही नाही. तरी तिथं बसल्यावर मनात आलं की माझ्याकडं काम करणाऱ्या विजापूरकडच्या मजुरांची पोरं साइटवर वाळूत खेळत बसतात, शाळेत जात नाहीत, आणि त्याबद्दल मला काही तरी करता येण्यासारखं आहे. हे लिहीपर्यंत त्यातल्या चौघांचा दाखला झालाय.

काचेच्या पुलाबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. शेजारच्या खडकावर तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा पुतळा आहे. ३८ फुटांचा चौथरा आणि त्यावर ९५ फुटांची मूर्ती, मिळून १३३ फूट, कारण त्यांच्या ‘तिरुक्कुरळ’ या काव्यग्रंथाचे अध्याय १३३. चौथऱ्याचे ३८ म्हणजे धर्मावरचे अध्याय, बाकी अर्थ आणि काम त्यावर उभे. व्ही. गणपती स्थपतींचं काम, १ जानेवारी २००० ला अनावरण. हे मोजमाप कळल्यावर पुतळा वेगळाच दिसतो, कारण एका कवीला एवढा मान दुसरीकडं कुठं दिलाय मला आठवत नाही. पूर्वी ओहोटीला पाणी उतरलं की खडकांमुळं बोट तिथं लागत नसे आणि लोक विवेकानंद शिलेवरूनच परत फिरत. ३० डिसेंबर २०२४ ला दोन्ही खडकांमध्ये पूल सुरू झाला. ७७ मीटर लांब, १० मीटर रुंद, मधल्या भागाला काच, खाली लाटा. काम चांगलं आहे, पाय हलत नाही. फोटोसाठी लोक काचेवर बसकण मारतात त्यानं वाट अडते. पोलादाचा पूल खाऱ्या वाऱ्यात आहे, त्याला रंगरंगोटी आणि तपासणी कायम लागणार, ती नीट होत राहो. पुतळ्याच्या आतल्या पायऱ्या चौथऱ्यापर्यंत चढता येतात, गुडघे ठीक असतील तर चढा.

एक वेगळीच गोष्ट तिथल्या रिक्षावाल्याकडून कळली. नागरकोइलहून येताना त्यानं हिंदीत विचारलं, कुठले? बेळगाव म्हटल्यावर म्हणाला, ‘अच्छा, बॉर्डर वाला.’ मग स्वतःच सांगायला लागला की त्यांचा जिल्हाही बॉर्डरचाच. पूर्वी तो त्रावणकोर-कोचीन राज्यात होता. तमिळ बोलणाऱ्या लोकांनी मार्शल नेसमणींच्या मागं मोठी चळवळ केली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला चार तालुके मद्रास राज्यात आले. दर १ नोव्हेंबरला जिल्ह्याला सुट्टी असते, नेसमणींच्या पुतळ्याला हार घालतात. मी गप्प झालो. त्याच तारखेला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. १ नोव्हेंबरला आपल्याकडं काळा दिवस पाळतात, सायकल फेरी निघते, वडील असेपर्यंत कधी चुकली नव्हती. एकाच कायद्यानं, एकाच दिवशी त्याच्या आजोबांना हवं ते मिळालं आणि माझ्या वडिलांना नाही. मी त्याला हे सांगितलं. तो पुष्कळ वेळ गाडी चालवत राहिला, मग म्हणाला, ‘भाषा तो घर में है ना, सर. घर में बोलना.’ उतरताना ठरल्यापेक्षा जास्त एक पैसा घेतला नाही.

जायचं कसं ते सांगतो. दादरहून तिरुनेलवेलीला जाणारी गाडी आपल्या बेळगाववरून जाते. रोज नाही, दिवस बघून तिकीट काढा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आरक्षण उघडलं की लगेच. प्रवास लांबचा आहे, पण गाडी बदलायची नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी हे फार मोठं. आम्ही दशम्या, शेंगाचटणी आणि थोडा कुंदा बरोबर घेतला होता. शेजारच्या बाकावरच्या दावणगेरेच्या कुटुंबानं पहिल्याच दुपारी कुंदा संपवला आणि आम्हाला त्यांचं मंडक्की, म्हणजे चुरमुरे, दिलं. तिरुनेलवेलीहून कन्याकुमारी साधारण पंच्याऐंशी किलोमीटर, बस भरपूर. वाटेत मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रान लागतं, डोंगराच्या खिंडीतून वारं तिथं नळीत शिरल्यासारखं येतं. खिडकीची जागा धरा.

राहायला गावात लॉज आहेत, समुद्राकडची खोली म्हणून जास्त पैसे मागतात. एका लॉजमध्ये दाखवलेली खोली आणि दिलेली खोली वेगळी निघाली, तेव्हा सामान आत नेण्याआधी खिडकी उघडून बघा. आम्ही दुसऱ्या दिवशी विवेकानंदपुरमला गेलो. रानड्यांनीच १९७२ साली सुरू केलेल्या विवेकानंद केंद्राचा तो परिसर. मोठी झाडं, मोर अंगणात फिरतात, खोल्या साध्या आणि स्वच्छ. जेवण शाकाहारी, वेळेवर, पोटभर. गाव थोडं लांब पडतं, पण आईला तिथलीच सकाळ जास्त आवडली. मंडळी मराठी असली तर कार्यालयात मराठी बोलणारं कुणी ना कुणी सापडतं.

देवीच्या देवळात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं, पंचा जवळ ठेवा. देवीच्या नथीच्या खड्याचं तेज एवढं की गलबतं त्याला दीपस्तंभ समजून खडकावर आदळायची असं सांगतात, म्हणून समुद्राकडचं पूर्वेचं दार बंद ठेवतात, वर्षातून ठरावीक दिवशीच उघडतात. ती नथ डोळे भरून बघा. खाण्यात तिथलं मट्टी जातीचं केळं चुकवू नका, लहान, वासाचं, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सांबार आपल्यापेक्षा आंबट लागेल.

शिलेवर चपला काढून फिरावं लागतं. दुपारी अकरानंतर दगड इतका तापतो की मुलं रडतात. जाड मोजे न्या, आणि आईवडिलांसाठी दोन जोड. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते, त्यापेक्षा डोक्याला पंचा बांधा. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, बोटी अचानक बंद होतात, त्या दिवसांत गेलात तर एक जादा दिवस हाताशी ठेवा. आणि सहलवाल्याबरोबर जाणार असाल तर पैसे भरायच्या आधीच त्याला विचारा की खडकावर उतरल्यापासून परतीच्या बोटीपर्यंत किती वेळ देणार. अडीच तासांपेक्षा कमी सांगितलं तर दुसरा सहलवाला बघा.